एक लिटर डिझेलला दहा हजार लिटर हवा

पंपावर आपली नजर मीटरवर असते: लिटर किती झालं आणि पैसे किती झाले. इंजिन मात्र त्या डिझेलबरोबर आणखी एक माल खातं, ज्याचं बिल कुणी फाडत नाही. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे दहा हजार लिटर. एप्रिल-मे महिन्यात सोसायटीच्या गेटवर पाण्याचा टँकर उभा राहतो ना, तो भरून हवा, आणि तीही एका लिटरला. लिटरमागे चार किलोमीटर देणारा ट्रक मुंबईहून नागपूरला आठशे किलोमीटर गेला, तर त्यानं वाटेत दोनशे टँकर हवा ओढलेली असते. हा झाला नुसता पुस्तकी हिशेब. डिझेल इंजिनाला सिलिंडरमधल्या हवेचा कणन् कण वापरता येत नाही. धूर न काढता जाळायचं, तर निम्मी हवा वर लागते.

डिझेल आत सोडणं सोपं असतं, पंपाचा दाब वाढवला की झालं. अडतं ते हवेपाशी. टर्बोचार्जर हे यंत्र या एका अडचणीपोटी जन्माला आलं. त्याचं मायलेज, त्याचा पिकअप आणि गॅरेजमध्ये ऐकू येणारं ‘टर्बो गेला’ हे वाक्य, या सगळ्याची मुळं याच हवेच्या हिशेबात आहेत.

हा हिशेब बोरघाटात नेऊन पाहू. खोपोली ते खंडाळा उंचीतला फरक साधारण ५०० मीटर. रस्ता दहा किलोमीटर धरू आणि गाडी धरू ४९ टनांचा भरलेला ट्रेलर. एवढं वजन ५०० मीटर वर उचलायला ६७ युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच. टायरचं घर्षण आणि गिअरमध्ये मुरणारी शक्ती मिळवली की आकडा ८५ युनिटांवर जातो. लिटरभर डिझेलमध्ये दहा युनिट ऊर्जा असते, पण चांगल्या इंजिनातूनही त्यातली चारच चाकांच्या वाट्याला यायला निघतात. म्हणजे घाट चढायला एकवीस-बावीस लिटर डिझेल. लिटरला अर्धा किलोमीटर! मायलेजच्या गप्पा मारणाऱ्यानं हा आकडा एकदा तोंडानं म्हणून पाहावा.

ट्रेलर ताशी वीस किलोमीटरनं चढला तर हे अर्ध्या तासाचं काम. तेवढ्या वेळात एवढं डिझेल धूर न काढता जाळायचं, तर मिनिटाला दहा हजार लिटरहून जास्त हवा हवी. मिनिटाला एक टँकर. आता बॉनेटखाली बघू. इंजिन आहे ६.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं, मिनिटाला १,८०० फेरे घेणारं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो. ९०० गुणिले ६.७ म्हणजे सहा हजार लिटर, आणि व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या वाटेतून तेवढीही पुरती आत येत नाही. गरज दहा हजारांची, आवक साडेपाच हजारांची. तूट जवळजवळ निम्मी.

ज्यांनी जुना घाट पाहिलाय त्यांना ही तूट डोळ्यांनी दिसलेली आहे. टाटाच्या जुन्या ट्रकांत ६९७ नावाचं बिनटर्बो इंजिन असायचं. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. एकूण माप ५,६७५ सीसी. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायची, मागे काळ्या धुराचा पडदा, आणि क्लीनर लाकडी ठोकळा हातात घेऊन बाजूनं चालायचा, गाडी मागे आली तर चाकाखाली टाकायला. तो काळा धूर म्हणजे हवा न मिळालेलं, पैसे मोजून घेतलेलं डिझेल होतं. मालकाच्या खिशातून निघून ते थेट मागच्या गाडीवाल्याच्या फुप्फुसात जायचं.

तूट भरून काढायचे रस्ते दोन. एक, इंजिनच दुप्पट मोठं करायचं, म्हणजे अर्धा टन लोखंड जास्तीचं आणि तेवढा माल कमी. दुसरा, वीसेक किलोचं एक यंत्र लावून हवा कोंबून भरायची.

ते यंत्र चालतं सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर. धुराच्या वाटेत एक चक्र, त्याच दांड्यावर पलीकडे हवेच्या वाटेत दुसरं चक्र. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरं हवा दाबतं. आपल्या ट्रेलरला घाटात लागणारी हवा दाबायला सुमारे ३० एचपी खर्ची पडतात. एखाद्या छोट्या ट्रॅक्टरचं अख्खं इंजिन म्हणा ना. ही शक्ती बहुतांशी वाया जाणाऱ्या उष्णतेतून येते. अगदी फुकट मात्र नाही, कारण धुराची वाट अडल्यामुळे पिस्टनला तो बाहेर ढकलायला थोडा जास्त जोर लागतो. शिवाय हवा दाबली की तापते. २७ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना १३० अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा फुगते आणि कोंबण्याचा उद्देशच फसतो, म्हणून पुढे इंटरकूलर. टाटाच्या गाड्यांवर ‘टीसीआयसी’ अशी अक्षरं वर्षानुवर्षं मिरवली, ती याच जोडीची.

ट्रकचा टर्बो मोठा असतो, त्यामुळे तो तसा सावकाश फिरतो: मिनिटाला लाखभर फेरे. एसयूव्हीतला छोटा टर्बो पूर्ण दाबाखाली दोन लाखांवर जातो. घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो. रात्री दहाला लावलेला पंखा सकाळी साडेसातपर्यंत जेवढे फेरे घेईल, तेवढे हा टर्बो एका मिनिटात घेतो.

त्याचं हवेकडचं चक्र जेमतेम ४४ मिलिमीटर व्यासाचं. दोन लाख फेऱ्यांना त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ४६० मीटर वेगानं धावत असतं, म्हणजे ताशी साडेसोळाशे किलोमीटर, ध्वनीच्या वेगाच्या सव्वापटीहून जास्त. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, हे आपण शाळेत शिकलो. इथे तो जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दहा लाखपट असतो. त्या टोकावर एक ग्रॅम धातू असेल तर तो एक टन वजनाच्या जोरानं चक्रापासून सुटू पाहतो. म्हणूनच चक्राचा तोल मिलिग्रॅमच्या हिशेबानं साधावा लागतो, आणि म्हणूनच फाटक्या एअर फिल्टरमधून आलेला वाळूचा एक खडा तिथे बंदुकीच्या गोळीचं काम करतो.

गरमीचं गणित वेगळंच. पेट्रोल इंजिनात धुराकडच्या चक्रावर येणारा वायू हजार अंशांच्या घरात असतो, डिझेलमध्ये आठशेच्या. ते चक्र निकेलच्या खास मिश्रधातूचं. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, वीतभरही अंतर नाही, तिथे ॲल्युमिनियमचं चक्र दीडशे अंशांत फिरतंय. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मधला दांडा शिसपेन्सिलीएवढा जाड, आणि तो कुठल्याही धातूला टेकलेला नाही. केसाच्या निम्म्याहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तो तरंगतो. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० आणि टर्बोचा सरासरी वेग ८० हजार फेरे धरला, तर या दांड्यानं २,४०० कोटी फेरे घेतलेले असतात. तेवढ्याच काळात इंजिनाच्या क्रँकचे फेरे होतात साठ कोटी. एवढं सगळं त्या तेलाच्या थराच्या भरवशावर. हा थर पुढे पुन्हा लागणार आहे.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्येच तिचं पेटंट मागितलं, पण ती उष्णता सोसणारा धातू नव्हता. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन पाइक्स पीक या १४,१०९ फुटी डोंगरावर ट्रकनं नेऊन चालवलं. खाली साडेतीनशे एचपी देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं, आणि टर्बो लावल्यावर ३५६ वर गेलं. १९२६ च्या सुमारास ब्यूखीच्या टर्बोनं दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० एचपीवर नेली. ट्रकात तो १९३८ मध्ये आला, स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीकडून. घाटांचा देश, त्यांना गरज आधी कळणारच.

आपल्याकडे हा बदल महाराष्ट्रातच घडला म्हणायला हरकत नाही. पुण्यातून १९९८ मध्ये टर्बो डिझेल सफारी आली, नाशिकमधून २००२ मध्ये स्कॉर्पिओ. त्याआधीच्या अडीच लिटरच्या बिनटर्बो जीपगाड्या साठेक एचपी द्यायच्या, म्हणजे लिटरमागे २४. पुढे आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मधलं २.२ लिटरचं डिझेल १८५ एचपी देतं, लिटरमागे ८४. इंजिन लहान झालं आणि ताकद तिप्पट. ट्रकांची इंजिनं फलटणमध्ये बनतात, आणि भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर बिनटर्बो डिझेल ट्रकाचा प्रश्नच उरला नाही.

मग मायलेज वाढतं का? ट्रकाचं उत्तर सरळ आहे: हो. लहान इंजिनात घासणारे भाग लहान, वजन कमी, डिझेल पुरतं जळतं. शिवाय ट्रक आयुष्यभर ओझ्याखाली असतो, आणि टर्बोला ओझंच आवडतं. वर्षाला लाख किलोमीटर पळणारा ट्रक २५ हजार लिटर डिझेल पितो. त्यात पाच टक्के वाचले तर १,२५० लिटर. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरच्या एसयूव्हीत तेच पाच टक्के म्हणजे चाळीस लिटर, एक टाकीसुद्धा नाही. ट्रान्सपोर्टवाला टर्बोबद्दल व्यवहार म्हणून बोलतो आणि एसयूव्हीवाला अभिमान म्हणून, त्यामागे हा फरक आहे.

पेट्रोल एसयूव्हीचं उत्तर वाकडं आहे. सपाट रस्त्यावर ताशी ९० नं जाताना पावणेदोन-दोन टनांच्या गाडीला लागतात फक्त वीसेक एचपी. दोनशे एचपीच्या इंजिनाचा दहावा भाग. अशा वेळी टर्बो पेंगत असतो, लहान इंजिन कमी पेट्रोलवर भागवतं आणि चाचणीतला आकडा छान येतो. वेग १२० वर नेला की गरज चाळीस एचपीच्या घरात जाते. वेग एक तृतीयांश वाढला, शक्ती दुप्पट लागली. हा हवेच्या विरोधाचा हिशेब आहे, त्यात कुठल्याही कंपनीचं काही चालत नाही. आणि ओव्हरटेकला पाय पूर्ण दाबला की आणखी एक गोष्ट घडते, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पेट्रोल नीट जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण दाबाखाली धूर इतका तापतो, की चक्र वाचवायला इंजिनाचा संगणक हेच प्रमाण बाराच्या आसपास आणतो. वीस टक्के जास्तीचं पेट्रोल आत जातं ते ताकदीसाठी थोडं आणि थंडाव्यासाठी जास्त. पेट्रोलनं इंजिन गार करायचं, हा तसा महागडा शौक.

अमेरिकेत या प्रश्नाची मोठी परीक्षा फोर्डनं घेतली. तिथला सर्वांत खपाचा पिकअप ट्रक एफ-१५०. त्यात २०११ च्या मॉडेलला आठ सिलिंडरच्या ५ लिटर इंजिनाशेजारी साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन दिलं. तिथल्या सरकारी चाचणीत मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे आकडे आले असे: मोठं इंजिन गॅलनला १७ मैल, टर्बो १८. आपल्या भाषेत लिटरला ७.२३ आणि ७.६५ किलोमीटर. दीड लिटर इंजिन कापून मिळालं काय, तर लिटरमागे चारशे मीटर. थट्टा करण्याजोगा आकडा वाटतो, पण दीड लाख मैलांच्या आयुष्यात एका गाडीमागे तो साडेअठराशे लिटर होतो, आणि या मालिकेच्या गाड्या वर्षाला लाखांनी विकल्या जातात. फायदा देशाच्या हिशेबात दिसतो, मालकाच्या खिशात तो मागे ट्रेलर जोडेपर्यंतच टिकतो. तेथील कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकानं २०१३ मध्ये लहान टर्बो इंजिनं रस्त्यावर छापील मायलेज देत नाहीत, असं स्वतःच्या चाचण्यांवरून लिहिलं. मला ते पटतं. इंजिन खोटं बोलत नाही, फक्त चाचणी फार सौम्य पायानं घेतात.

टिकाऊपणाचा मुद्दा जास्त रागानं बोलला जातो. फोर्डनं त्या इंजिनासाठी एक तमाशाच केला. कारखान्यातून एक इंजिन उचललं, टेस्ट बेंचवर दीड लाख मैलांइतकं झिजवलं, मग गाडीत बसवून लाकडाचे ओंडके ओढले, फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर पाच टनांचं ओझं चोवीस तास ओढलं, बाहाच्या वाळवंटी शर्यतीत पळवलं आणि जानेवारी २०११ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांसमोर उघडलं. झीज किरकोळ निघाली. जाहिरातच ती. चांगलं तेल, हाताशी मेकॅनिक, आणि सगळं काही महिन्यांत. तुमच्या-माझ्या गाडीचा दहा वर्षांचा आळस त्यात नव्हता.

उलट बाजूचे आकडेही बघू. टोयोटानं २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. सहा सिलिंडरचं दोन टर्बोंचं नवं इंजिन रस्त्यात बंद पडत होतं. ‘बघा, म्हणून जुनं मोठं इंजिनच बरं,’ असं लोक म्हणाले. कारण निघालं कारखान्यात इंजिनात राहिलेला धातूचा कचरा, त्यानं बेअरिंग खाल्ले. त्याच वर्षी फोर्डनं ९०,७३६ गाड्या बोलावल्या. तिथे टर्बो इंजिनांच्या व्हॉल्व्हचा मिश्रधातू ठिसूळ निघाला. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत जवळजवळ ६ लाख गाड्या बोलावल्या, ६.२ लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी. त्यात टर्बो नावाला नाही. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड सदोष होते, आणि तपासणीत पास झालेल्या गाड्यांना उपाय म्हणून जास्त दाट तेल भरून दिलं. तिन्ही प्रकरणांत टर्बो गुन्हेगार नाही, आणि तिन्हींत सर्वांत मोठा आकडा बिनटर्बो इंजिनाचा आहे.

तरी टर्बोला अगदी निर्दोष सोडता येत नाही. तो इंजिनावरचा ताण वाढवतो. १०७ मिलिमीटर बोअरच्या ट्रक इंजिनात जळण्याच्या क्षणी दाब १८० बार धरला, तर एका पिस्टनवर साडेसोळा टन भार पडतो. २०१८ पूर्वी सहा टायरच्या ट्रकाचं भरलेलं कायदेशीर वजन १६.२ टन होतं. अख्खा भरलेला ट्रक एका पिस्टनवर उभा, सेकंदाला पंधरा वेळा. असं इंजिन हलगर्जीपणा कमी माफ करतं.

गॅरेजमध्ये टर्बोची तपासणी बघण्यासारखी असते. मेकॅनिक हवेचा होज पाइप काढतो, आत बोट घालून तेल लागतं का बघतो, मग दांड्याचं टोक चिमटीत धरून आधी वर-खाली आणि मग मागे-पुढे हलवतो. वर-खाली किंचित हललं तर चालतं, तेलाच्या थराची जागा आहे ती. मागे-पुढे खेळलं, किंवा चक्राच्या कडा घराला घासून चकाकत असतील, तर तो मान हलवतो: “प्ले आलाय.” त्याआधी गाडीनं सांगितलेलं असतंच. शिट्टीचा आवाज बदलतो, निळा धूर येतो, चढावर पिकअप मिळत नाही. पुढचा प्रश्न अनुभवी मेकॅनिक ठरलेला विचारतो: “तेल शेवटचं कधी बदललं?” कारण टर्बो बहुधा स्वतःहून मरत नाही. काजळी धरलेलं तेल, बारीक नळीत अडकलेला गाळ किंवा चिरलेला फिल्टर त्याला मारतो. नवा टर्बो बसवून नळी तीच ठेवली, तर तोही त्याच वाटेनं जातो.

दुसरी सवय किल्लीची. घाट चढून आल्या आल्या, लाल झालेल्या टर्बोसकट इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, दांडा फिरतच असतो, आणि उरलेलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंगभोवती पाणी फिरवायची सोय असते, तेलही पूर्वीपेक्षा खूप सुधारलं आहे. तरी घाटमाथ्यावर चहाला थांबताना इंजिन मिनिटभर चालू ठेवायला काहीच जात नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट पाय हलका ठेवायलाही.

तेव्हा माझं मत असं: ओझं वाहायचं असेल, घाट रोजचा असेल, वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर होत असतील, तर टर्बो डिझेल डोळे झाकून घ्या. शहरात पाच-सहा किलोमीटर ये-जा असेल, तर पेट्रोल टर्बोवर मायलेजसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, मजेसाठी द्यायचे तर जरूर द्या. आणि जुनी टर्बो गाडी घेताना रंग, टायर, म्युझिक सिस्टीम नंतर बघा. आधी तेल बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर गाडी सोडून द्या.